परातीतला गहू आणि अंतराळातला पॉझिट्रॉन: प्रतिद्रव्य मोजायला घरी कसं शिकायचं

यंदा चैत्रात छावणी मंडीतून वर्षाचा गहू आला, आणि त्याच आठवड्यात नातवाने विचारलं, "आजी, अंतराळात प्रतिद्रव्य मोजतात म्हणे. मोजतात म्हणजे नक्की काय करतात?" मी इंदूरच्या एका कॉलेजात चौतीस वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम केलं. अशा प्रश्नावर "मोठा झालास की कळेल" म्हणणं मला जमत नाही. आम्ही दोघांनी त्यावर तीन दिवस घालवले. जसं केलं तसं इथे लिहिते आहे, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

सामान फार नाही. दोन किलो शरबती गहू, वाटीभर जव, दोन पराती, कंपास, फूटपट्टी, दोरा. तिसऱ्या दिवसासाठी काचेची पेटी, फेल्टचं कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ड्राय आइस. शिवाय गुपित पोटात ठेवणारी एक शेजारीण हवी. ती फार महत्त्वाची.

पहिला दिवस: परात

आधी गव्हाचे शंभर दाणे मोजून तोला. मी सराफ्यातून आणलेल्या छोट्या काट्यावर तोलले, चार ग्रॅम भरले. म्हणजे किलोत सुमारे २५,००० दाणे. एक किलो गहू शेजारच्या वहिनींकडे द्या आणि सांगा, "यात थोडे जव मिसळा. किती ते आम्हाला सांगू नका, चिठ्ठीवर लिहून घडी करून ठेवा."

हा गहू म्हणजे प्रोटॉन आणि जव म्हणजे पॉझिट्रॉन. अंतराळातून सतत येणाऱ्या वेगवान कणांना विश्वकिरण म्हणतात, आणि त्यांत बहुतेक कण प्रोटॉनच असतात. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, वस्तुमान तेवढंच पण विद्युतभार धन. अशा प्रतिकणांचं द्रव्य ते प्रतिद्रव्य. एका पॉझिट्रॉनमागे हजारो प्रोटॉन येतात, आणि प्रोटॉनचा भारही धनच. दोघं चुंबकात एकाच बाजूला वळतात, त्यामुळे नुसत्या वळणावरून ते वेगळे करता येत नाहीत. गहू आणि जव तसेच आहेत. रंग जवळचा, आकार जवळचा, दोघं एकाच चाळणीतून पडतात.

आता निवडायला बसा. नातवाने दीड तास घेतला आणि तेरा दाणे काढले. मग मी त्याला डोळे मिटायला लावले आणि ते तेरा दाणे एकेक करून बोटांत चोळायला दिले. जवाची साल चिकटलेली असते, ती खरखरीत लागते, गहू गुळगुळीत. नऊ खरखरीत निघाले, चार गुळगुळीत. ते चार गव्हाचेच दाणे होते, अर्धवट भरलेले, टोकदार, नजरेला फसवणारे.

इथे थांबून हिशोब करा, कारण सगळा विषय या हिशोबात आहे. पंचवीस हजारांत त्याची नजर फक्त चारदा चुकली, म्हणजे सहा हजारांत एकदा. इतकी चांगली नजर असूनही हाती आलेल्या दाण्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा खोटा! शोधायची वस्तू जेव्हा इतकी थोडी असते तेव्हा शोधणाऱ्याची बारीकशी चूकसुद्धा उत्तराएवढी मोठी होते. म्हणून अंतराळातल्या उपकरणाला दहा लाख प्रोटॉनांत जास्तीत जास्त एकदा चुकायची मुभा असते.

दहा लाखांत एक अशी एकच चाळणी कोणी बनवू शकत नाही. हजारात एकदा चुकणाऱ्या दोन चाळण्या मात्र बनवता येतात. एका चाळणीची चूक दुसरीच्या चुकीशी बांधलेली नसेल तर हजार गुणिले हजार, दहा लाख. आमच्या परातीत एक चाळणी डोळ्यांची होती, दुसरी बोटांची. नातवाने डोळे उघडे ठेवून दाणे चोळले असते तर आधीच्या मतालाच त्याने मान डोलावली असती. डोळे मिटायला लावायचं विसरू नका.

दुसरा दिवस: दोरा आणि शर

आता चिन्हाकडे वळू. भार धन की ऋण हे चुंबक सांगतो: एक जण डावीकडे वळतो, दुसरा उजवीकडे. किती वळतो यावरून संवेग, म्हणजे वस्तुमान आणि वेग मिळून येणारा कणाचा जोर, कळतो. सूत्र पाठ करण्याइतकं सोपं आहे. संवेग जीईव्हीमध्ये (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट; इतक्या वेगवान इलेक्ट्रॉनची ऊर्जाही याच आकड्याने सांगतात), चुंबकीय क्षेत्र टेस्लामध्ये, वळणाची त्रिज्या मीटरमध्ये घेतली की

संवेग = ०.३ × क्षेत्र × त्रिज्या.

सूत्रावर विश्वास बसावा म्हणून आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाची इलेक्ट्रॉनची कडी आहे, १७२.५ मीटर परिघाची. तिथले वळवणारे चुंबक १.५ टेस्लाचे आणि वळणाची त्रिज्या सुमारे ५.५५ मीटर. गुणाकार करा: ०.३ × १.५ × ५.५५, उत्तर २.५. इंडस-२ मधला इलेक्ट्रॉन २.५ जीईव्हीचाच असतो. नातवाने हा गुणाकार तीनदा केला. शहराबाहेरच्या त्या भिंतीआड काय चालतं ते त्याला पहिल्यांदाच आकड्यात हाती लागलं होतं.

अंतराळातल्या कणाचं अख्खं वर्तुळ कधीच मिळत नाही, फक्त एक तुकडा मिळतो. तेव्हा आपल्या जुन्या गणितींची ज्या आणि शर उपयोगी पडतात. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य, दोन टोकांना ताणलेला दोरा म्हणजे ज्या, आणि दोऱ्याच्या मध्यापासून कंसापर्यंतचं अंतर म्हणजे शर. कंस उथळ असेल तर शर = (ज्या × ज्या) ÷ (८ × त्रिज्या). गच्चीवर खडूने दोन मीटर त्रिज्येचा कंस काढा, एक मीटरचा दोरा ताणा आणि शर मोजा. सव्वासहा सेंटिमीटर यायला हवा. आमचा साडेसहा आला, खडू जाड होता.

हेच गणित आता आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरच्या एएमएस (अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर) या विश्वकिरण मोजणाऱ्या उपकरणाला लावू. साडेसात टन वजनाचं हे यंत्र १६ मे २०११ रोजी एंडेव्हर यानातून वर गेलं. त्याचे प्रमुख सॅम्युएल टिंग, १९७६ चे नोबेल मानकरी. त्यातला कायमचुंबक सुमारे ०.१५ टेस्लाचा. १०० जीईव्हीचा पॉझिट्रॉन त्यात वळला तर त्रिज्या येते सुमारे २.२ किलोमीटर! एका मीटरच्या ज्येवर शर ५६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसाच्या जाडीहूनही कमी. आत सिलिकॉनच्या पातळ पट्ट्यांचे नऊ थर आहेत आणि कण कुठून गेला ते प्रत्येक थर सुमारे १० मायक्रॉनपर्यंत सांगतो. म्हणून ५६ मायक्रॉन कळतात. पण १,००० जीईव्हीला शर साडेपाच मायक्रॉनवर येतो, आणि तिथे वळण डावं की उजवं हेच सांगता येणार नाही.

यावरचा उपाय मला फार आवडतो. काही थर चुंबकाच्या बाहेर, अगदी वर आणि अगदी खाली नेऊन बसवले. चुंबकातून जाताना १०० जीईव्हीच्या कणाची दिशा ०.४५ मिलिरेडियनने बदलते. बाहेर पडून आणखी एक मीटर सरळ गेला की तेवढ्यानेच तो ०.४५ मिलिमीटर बाजूला सरकलेला असतो. लांब काठीचं टोक जास्त हलतं, तसं. यंत्रात आधी याहून जोरदार अतिवाहक चुंबक बसवायचा होता. २०१० मध्ये तो बदलून कायमचुंबक घेतला. त्याला थंड ठेवायला द्रव हीलियम लागत नाही, त्यामुळे यंत्र वर्षानुवर्षं चालू शकतं. क्षेत्र कमी झालं ते या लांब काठीने भरून काढलं.

आता मूळ पेच. वळण उजवीकडे दिसलं म्हणजे पॉझिट्रॉन, असं अजून म्हणता येत नाही. खालून वर जाणारा इलेक्ट्रॉन वरून खाली येणाऱ्या पॉझिट्रॉनसारखाच दिसतो. हे कागदावर बघा. कंपासने ५ सेंटिमीटर आणि १४ सेंटिमीटर त्रिज्येचे दोन कंस एकमेकांना जोडून काढा, एकाच बाजूला वळणारे, आणि जोडावर आडवी रेघ मारा. कागद घरातल्या कोणालाही दाखवा आणि विचारा, कण कुठून कुठे गेला?

२ ऑगस्ट १९३२ ला अमेरिकेतल्या पासाडेनात, पॉझिट्रॉनचा शोध लावणाऱ्या कार्ल अँडरसन यांना मिळालेलं कणाच्या मागाचं छायाचित्र जवळपास असंच आहे. त्यांचं क्षेत्रही १.५ टेस्लाचं. आडवी रेघ म्हणजे ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा. पत्र्याच्या एका बाजूला माग कमी वळलेला, ऊर्जा ६३ एमईव्ही (हजार एमईव्हीचा एक जीईव्ही). दुसऱ्या बाजूला जास्त वळलेला, २३ एमईव्ही. शिशातून जाताना ऊर्जा वाढू शकत नाही, कमीच होते. म्हणजे कण कमी वळणाकडून जास्त वळणाकडे गेला, खालून वर! दिशा नक्की झाली आणि भार धन ठरला. मग तो प्रोटॉन का नाही? तितका वळणारा प्रोटॉन अर्धा सेंटिमीटर जाऊन थांबला असता. हा माग पाच सेंटिमीटरहून लांब होता. चिन्ह, दिशा आणि वस्तुमान, तिन्ही प्रश्न त्या एका चित्राने सोडवले. आजचं साडेसात टनांचं यंत्रही हेच तीन प्रश्न विचारतं.

तिसरा दिवस: काचेची पेटी

कण डोळ्यांनी बघायचे असतील तर मेघपेटी करा. माशांची छोटी काचेची टाकी उलटी करायची. तिच्या तळाला, जो आता वर आला, आतून फेल्टची पट्टी चिकटवायची आणि अल्कोहोलने चिंब भिजवायची. खाली काळा रंगवलेला सपाट पत्रा, त्याच्या खाली थर्माकोलच्या ट्रेमध्ये ड्राय आइस, आणि पेटी-पत्र्याच्या फटीला सगळीकडून काळी टेप. ड्राय आइस कुठे मिळेल याची काळजी करू नका. लग्नात वरमालेच्या वेळी धूर सोडणारे सजावटवाले असतात, त्यांच्याकडे चौकशी करा. मला तसाच मिळाला. उणे ७८ अंशांचा असतो, जाड हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा आणि तो बंद डब्यात कधीही ठेवू नका, डबा फुटतो. जवळपास ज्योत नको, देवासमोरचं निरांजनही तेवढ्या वेळापुरतं दुसऱ्या खोलीत. अल्कोहोल ९९ टक्के असायला हवं. पहिल्या खेपेला मी औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं वापरलं, त्यातल्या पाण्याचा नुसता बर्फ धरला आणि एक तास वाया गेला.

दिवे बंद करा, बाजूने टॉर्च मारा आणि दहा-पंधरा मिनिटं धीर धरा. पत्र्याजवळ धुक्याचा थर जमतो आणि त्यात पांढरे धागे उमटून विरतात. आखूड आणि जाड धागे हवेतल्या रेडॉनच्या अल्फा कणांचे. वेडेवाकडे वळवळणारे मंद इलेक्ट्रॉनचे. लांब, बारीक, सरळ धागे बहुधा म्यूऑनचे, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जड भावंडांचे, विश्वकिरण हवेवर आदळल्यावर वर कुठेतरी जन्मलेले. दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्यूऑन येतो, म्हणजे आपल्या तळहातातून मिनिटाला शंभराच्या आसपास. त्यात धन म्यूऑन ऋणांपेक्षा थोडे जास्त असतात, आणि धन म्यूऑन हा प्रतिकणच आहे. नातवाने तळहात पेटीवर धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

स्पीकरचा चुंबक लावून त्यांचं वळण दिसेल का, असं तुम्ही विचाराल. गणित करून बघा. ०.१ टेस्ला, ४ जीईव्हीचा म्यूऑन, २० सेंटिमीटरचा माग: शर ३८ मायक्रॉन. आपला धागाच मिलिमीटरभर जाड असतो. घरी चिन्ह कळणार नाही, हे मान्य करून नुसते धागे मोजा.

आणि यंत्र वरच का न्यायचं, तेही या पेटीसमोरच समजतं. डोक्यावर दर चौरस सेंटिमीटरला एक किलो हवा आहे, दहा मीटर पाण्याइतकी. आलेला मूळ कण त्यात फुटतो आणि नवे पॉझिट्रॉन तयार करतो. खाली बसून मोजले तर हवेने बनवलेले मोजले जातील.

खऱ्या यंत्राच्या चाळण्या

एएमएसमध्ये कण वरून शिरला की आधी क्सेनॉन वायूने भरलेल्या नळ्यांचे वीस थर लागतात. एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना अतिवेगवान कण क्ष-किरण सोडतो, पण त्यासाठी नुसती ऊर्जा पुरत नाही; ऊर्जा वस्तुमानाच्या कितीतरी पट लागते. १० जीईव्हीच्या पॉझिट्रॉनची ऊर्जा त्याच्या वस्तुमानाच्या सुमारे २०,००० पट, तेवढ्याच प्रोटॉनची जेमतेम ११ पट. पॉझिट्रॉन चमकतो, प्रोटॉन गप्प राहतो. पहिली चाळणी ही. मग चुंबकाच्या वर आणि खाली वेळ टिपणारे पट्टे. नॅनोसेकंदाच्या सहाव्या भागापर्यंत वेळ कळते, तेव्हा कण वरून आला की खालून हे ठरतं. अँडरसनच्या शिशाच्या पत्र्याचं काम आता घड्याळ करतं.

तळाशी शिसं आणि प्रकाश देणाऱ्या तंतूंची वीट. शिशात शिरलेला पॉझिट्रॉन फोटॉन सोडतो, फोटॉनातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, तिच्यातून पुन्हा फोटॉन, असा कणांचा वर्षाव होतो. या वर्षावाचं गणित १९३७ मध्ये होमी भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी मांडलं. मला वाटतं हे आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला माहीत हवं: आज अंतराळात पॉझिट्रॉन ओळखला जातो तो भाभांनी उलगडलेल्या वर्षावाच्या आकारावरून. प्रोटॉनचा वर्षाव विस्कळीत आणि उशिरा सुरू होणारा असतो, आणि प्रोटॉन सगळी ऊर्जा तिथे टाकत नाही. मग विटेने मोजलेली ऊर्जा चुंबकाने सांगितलेल्या संवेगाशी जुळवून बघतात. पॉझिट्रॉनची जुळते.

दोन मोठ्या चाळण्या एक वर आणि एक खाली, आणि मध्ये चुंबक, हे मुद्दाम केलं आहे. वरच्या नळ्यांत एखादा भुरटा इलेक्ट्रॉन तयार झाला तर चुंबक त्याला बाजूला झाडून टाकतो, तो खालच्या विटेत पोचून दुसरी साक्ष देऊ शकत नाही. डोळे मिटून दाणा चोळायचा तो यासाठीच.

आकडे वाचताना

मोजलेले पॉझिट्रॉन ÷ (इलेक्ट्रॉन + पॉझिट्रॉन) याला पॉझिट्रॉन-अंश म्हणतात. प्रोटॉन ताऱ्यांच्या दरम्यान पसरलेल्या वायूवर आदळून जेवढे पॉझिट्रॉन बनतात तेवढेच असते तर ऊर्जा वाढेल तसा हा अंश घटायला हवा होता. १५ जून २००६ ला उपग्रहावर बसून गेलेल्या पामेला या उपकरणाने २००९ मध्ये दाखवलं की १० जीईव्हीनंतर तो वाढतो. एएमएसने २०१३ मध्ये ते पक्कं केलं: १० जीईव्हीला सुमारे ५ टक्के, २०० च्या पुढे सुमारे १५. २०१९ मध्ये १९ लाख पॉझिट्रॉनांच्या मोजणीतून दिसलं की जादा पॉझिट्रॉन २५ जीईव्हीपासून सुरू होतात आणि २८४ च्या पुढे झपाट्याने कमी होतात. ते पल्सारांकडून (वेगाने फिरणाऱ्या मृत ताऱ्यांकडून) येतात की कृष्णद्रव्यातून (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्यातून), हा वाद चालू आहे. इटालियन अंतराळ संस्थेच्या विश्वकिरण-संग्रहातून हे तक्ते फुकट घेता येतात. एक्सेलमध्ये टाका, दोन्ही अक्ष लॉगॅरिदमिक करा आणि पॉझिट्रॉनांच्या प्रवाहाच्या प्रत्येक आकड्याला त्या ऊर्जेच्या घनाने गुणा. तो चढ आणि तो उतार तुमच्या पडद्यावर उमटेल.

हीलियमच्या प्रतिकेंद्रकाची, म्हणजे प्रतिकणांनी बनलेल्या अख्ख्या केंद्रकाची, गोष्ट अजून पुढची. टिंग यांनी व्याख्यानांत काही संभाव्य नोंदी सांगितल्या आहेत, हीलियमच्या सुमारे १० कोटी केंद्रकांमागे एक. गव्हाच्या भाषेत १० कोटी दाणे म्हणजे ४० क्विंटल, मंडीत उभी असलेली भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, आणि तिच्यात एक दाणा. इतक्या दुर्मीळ ठिकाणी यंत्राची नजर किती वेळा चुकते हे आधी कळायला हवं. माझं मत, तोवर त्या नोंदींना नोंदीच म्हणावं.

शेवटचं काम: चूक मोजणे

चिठ्ठी उघडायची घाई नको. आधी निवडणाऱ्याची परीक्षा घ्या. दुसरा किलो नातवाला जव आहेत असं भासवून दिला, त्यात एकही नव्हता. त्याने चार "जव" काढले. मग मोजून शंभर जव थोड्या गव्हात मिसळून दिले, त्याला ऐंशी सापडले. एएमएसलाही उड्डाणाआधी सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत माहीत असलेले कण दाखवून असंच तपासलं होतं.

आता उत्तर काढा. मिळालेले १३, त्यातून खोटे ४ वजा, उरले ९. शंभरात ऐंशीच सापडतात, म्हणून ९ ÷ ०.८ = ११. मोजणीतली अनिश्चितता मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. १३ आणि ४ दोन्हींची मिळून साधारण ५. नातवाने वहीत तारीख टाकली आणि लिहिलं, ११ ± ५.

मग वहिनींना बोलावलं. चिठ्ठीवर १२ होते. उरलेले तीन जव अजून त्याच किलोत आहेत, आणि तो गहू दळायला द्यायचा नाही असं नातवाने डब्यावर लिहून ठेवलं आहे.